बुचाची खोली

आता भिंतीवर काचेची गुळगुळीत पाटी असते. तिला बोट लावलं की दिवा लागतो, आणि तो लागला हे त्याच्याकडे बघितल्यावरच कळतं. पूर्वी तसं नव्हतं. मुठीत मावेल एवढं काळं गोल बटण लाकडी पट्टीवर बसवलेलं असायचं आणि त्याच्या मधोमध पितळेची आखूड दांडी. अंधाऱ्या खोलीत शिरणारा माणूस न बघता हात वर न्यायचा, दांडी खाली करायचा, टक् असा आवाज व्हायचा आणि मग उजेड पडायचा. ज्यांचं लहानपण तसल्या घरांत गेलं, त्यांना विचारून बघा. त्यांना उजेडाआधी तो टक् आठवतो.

त्या आवाजाची जबाबदारी एका बाईवर होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

कारखान्यात त्यांना सगळे मावशी म्हणत, अगदी तिशीही उलटली नव्हती तेव्हापासून. आधी त्या पॅकिंगला होत्या. डझनाचा खोका भरायचा आणि भरण्यापूर्वी प्रत्येक बटण एकदा खालीवर करून दिवा लागतो का ते बघायचं, एवढंच काम. एक दिवस त्यांनी एक बटण बाजूला काढलं आणि फोरमनला सांगितलं, की हे रुसलंय. फोरमनने ते दहा वेळा खालीवर केलं. दहाही वेळा दिवा लागला. बटण आहे का नवी सून, असं तो म्हणाला आणि सगळं टेबल हसलं. मावशी कानशिलापर्यंत लाल झाल्या, पण बटण काही त्यांनी परत खोक्यात टाकलं नाही. तेवढ्यात कारखान्याचे मालक, थोरले साहेब, तिथून जात होते. त्यांनी बटणं जुळवणाऱ्या मिस्त्रींना हाक मारून ते बटण उघडायला लावलं. आतली स्प्रिंग केसभर वाकडी निघाली.

साहेबांनी मग मुद्दाम चाळीस बटणं मागवली. त्यांतली काही मिस्त्रींकडून गुपचूप बिघडवून घेतली होती. मावशींनी एकूण एक बिघडलेली वेगळी काढली, आणि वर जी बिघडवली नव्हती त्यांतलीही दोन काढली. ती दोनही उघडली, तर त्यांच्यातही खोट होती. त्या दिवसापासून मावशींचे कान हे कारखान्याचं भूषण झालं.

साहेब हौशी माणूस. एकदा डोक्यात आलं की त्यांना थारा नसे. हॉलमध्ये यंत्रांची एवढी खडखड असताना या बाईला ऐकू येतं, तर शांततेत काय काय येईल, असं त्यांनी मनाशी घेतलं. जवळच बाटल्यांची बुचं करणारा एक कारखाना होता. तिथली मोडकी, वाकडी बुचं त्यांनी पोत्यांनी आणली आणि दोन रविवार स्वतः बाह्या सरसावून हॉलच्या टोकाच्या एका छोट्या खोलीला आतून चिकटवली. चारी भिंतींना, छताला, दाराच्या मागच्या बाजूलासुद्धा. दारही एकापुढे एक असं दुहेरी केलं. ती खोली आतून मधाच्या पोळ्यासारखी दिसे, आणि दार लावून घेतलं की स्वतःचा श्वास ऐकू येई. पाहुणे आले की साहेब आधी ही खोली दाखवत, यंत्रं नंतर.

खोलीचे नियम साहेबांनीच ठरवले होते. चपला बाहेर. मनगटावर घड्याळ नको, किल्ल्यांचा जुडगा नको. पंखा तर मुळीच नको, मग उकाड्याने जीव गेला तरी चालेल. चहा आणणाऱ्याने कप घडी घातलेल्या फडक्यावर ठेवायचा आणि तोंडाने 'चहा' म्हणायचं नाही. टेबलावर तीन ट्रे. चांगली बटणं उजवीकडे, वाईट डावीकडे आणि शंकेची मध्ये. समोर एक लहानसा दिवा. मावशी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने दांडी खाली करत, वर करत, पुन्हा खाली, आणि बटण आपल्या ट्रेमध्ये जाई. दिवसाला सहाशे.

वाईट बटणांना त्यांनी नावं ठेवली होती, आणि ती इतकी चपखल होती की मिस्त्रींच्या चिठ्ठ्यांवरही तीच येऊ लागली. स्प्रिंग वाकडी ते रुसलेलं. वंगण जास्त ते झोपाळू. पितळेची पट्टी उशिरा टेकते ते तोतरं. आणि सगळ्यात वाईट ते चरचरणारं. त्यात पट्टीवर कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढा खड्डा असतो, वीज तिथे तडतडते आणि ऐन शांततेत कान दिला तरच ती चरचर ऐकू येते. असलं बटण घरात बसलं तर महिना-दोन महिने निमूट चालतं आणि मग एक दिवस लाकडी पट्टी काळी पडते. चरचरणारं बटण सापडलं की मावशी मिस्त्रींना ते हातात नेऊन देत, ट्रेमध्ये ठेवत नसत.

घरी सगळं याच्या उलट. त्यांचे यजमान शिंपी होते आणि पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. दिवसभर मशीन घरघरे, गिऱ्हाइकं मोठमोठ्याने घासाघीस करत. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे घरातलं प्रत्येक बोलणं गल्लीला कळे. मावशी म्हणत, लोकांना वर्षातून आठ दिवस माहेर मिळतं, मला रोज आठ तास मिळतं आणि वर पगार.

पण खोलीबाहेर पडलं तरी हातातला छंद सुटेना. कुणाच्या नव्या घरी गेल्या, की घर राहिलं बाजूला, त्या आधी एकेक बटण खालीवर करत. एकदा नणंदेने विचारलंच, की वहिनी, तू घर बघायला आलीस का वायरमन म्हणून आलीस? बटणांवरच ते थांबलं नाही. चष्म्याच्या डबीचं झाकण कसं मिटतं, छत्रीचा खटका कसा बसतो, कपाटाचा खण शेवटच्या बोटभर अंतरात कसा आपणहून आत जातो, असल्या गोष्टींत त्यांना सुख सापडे. बाजारातून पावडरचा डबा आणला तर पावडर कशी आहे हे सांगण्याआधी झाकण कसं लागतं ते सांगत. कुणीतरी कुठेतरी बसून हे मुद्दाम असं केलंय, फुकटात केलंय, आणि आपण ते रोज वापरतो आणि बघत नाही, असं त्या यजमानांना म्हणत. यजमान तोंडात टाचण्या धरून हं म्हणत.

अशी एकोणतीस वर्षं गेली. सासूबाई गेल्या. थोरल्या साहेबांनी कारभार मुलाच्या हाती दिला, पण शनिवारी सकाळी ते काठी टेकत येत, चपला काढून बुचाच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत आणि डोळे मिटून मावशींचं काम ऐकत. अर्ध्या तासाने मान डोलवून उठत. दोघांत एक शब्द होत नसे.

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना घरी यजमानांनी एकदा कुरकुर केली, की तीन हाका मारल्या तरी तू ओ देत नाहीस. मावशींना वाटलं, यांचाच आवाज वयाने बसलाय. मग एकदा टेबलावर कप दिसला आणि त्यातला चहा गार झालेला. दार उघडल्याचं, माणूस येऊन गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी एक बटण घेतलं, कानाशी धरलं आणि दांडी खाली केली. टक् ऐकू आला. पण तो कुठून तरी लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखा.

पुढचे काही महिने त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. पगाराचं त्यांना एवढं नव्हतं, घर यजमानांच्या कातरीवर चाललं असतं. पण या कारखान्यात, नात्यागोत्यात, गल्लीत त्यांची ओळख ती एकच. कान गेल्यावर त्या खोलीत बसायचं कुणी, आणि त्या खोलीबाहेर मावशी म्हणजे कोण? शिवाय रोज सहाशे बटणं त्यांच्या हाताखालून लोकांच्या घरी जात होती.

नवल म्हणजे तक्रार एकही येईना. डावीकडच्या ट्रेमधलं प्रत्येक बटण मिस्त्री उघडत आणि काय निघालं त्याची चिठ्ठी पाठवत. चिठ्ठ्या पहिल्यासारख्याच येत होत्या. रुसलेलं, रुसलेलं, तोतरं, झोपाळू. एकदाही मिस्त्रींनी लिहिलं नाही, की यात काही नाही.

मावशींना हे कोडं सुटेना. एक दिवस त्यांनी घरून कापूस आणला, दोन्ही कानांत गच्च भरला, वरून फडकं बांधलं आणि पन्नास बटणं तपासली. काहीही ऐकू येत नव्हतं. तरी हात थांबला नाही. हे डावीकडे, हे उजवीकडे, हे मध्ये. दुपारी चिठ्ठ्या आल्या. सगळ्या बरोबर.

त्या रात्रभर विचार करत राहिल्या असं नाही, त्या दमल्या होत्या, झोपल्या. पण सकाळी यजमानांच्या मशीनवर त्यांचं अंगुस्तान दिसलं, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती धातूची टोपी, आणि मावशींनी काय मनात आलं कोण जाणे, ते उचलून पिशवीत टाकलं. खोलीत गेल्यावर ते पहिल्या बोटात चढवलं आणि दांडी खाली केली. मग दुसऱ्या बटणाची. तिसऱ्याची. सगळी बटणं सारखी. रुसलेलं कुठलं, चांगलं कुठलं, काही कळेना. अंगुस्तान काढलं. कळलं. पुन्हा घातलं. गेलं.

म्हणजे इतकी वर्षं ते कान नव्हतेच. ते बोट होतं. दांडी अर्ध्यावर येते, किंचित अडते आणि मग सुटते, त्या सुटण्यातलं सगळं बोटाला कळत होतं, आणि त्याच क्षणी टक् होत असल्यामुळे मावशींना वाटे आपण ऐकतोय. त्यांना वाटलं म्हणून साहेबांना वाटलं, आणि साहेबांना वाटलं म्हणून दोन रविवार खपून पोतीच्या पोती बुचं चिकटवली गेली. सगळा कारखाना एका कानासाठी एकोणतीस वर्षं पाय न वाजवता चालत होता.

मावशी एकट्याच हसत सुटल्या. त्या हसण्यात सुटका होती. आता चार वर्षं निवांत काढता येणार होती, आणि कुणाची फसवणूकही नव्हती, कारण बोट शाबूत होतं.

पण मनाची पुरती खात्री व्हावी म्हणून त्यांनी एक गोष्ट केली. उजवीकडचा, चांगल्या बटणांचा साठ नगांचा ट्रे त्यांनी मिस्त्रींकडे नेला आणि सगळी उघडायला सांगितली. मिस्त्री वैतागले. मावशी, चांगल्या धडधाकट माणसांची पोटं फाडायला लावताय, असं म्हणाले. तरी त्यांनी उघडली. एकोणसाठ स्वच्छ निघाली. साठाव्यातली पट्टी त्यांनी भिंगाखाली धरली, मग बटण पुन्हा जुळवून बुचाच्या खोलीत नेलं, दिव्याला लावलं आणि कानाशी धरलं.

"हे चरचरतंय की हो," ते म्हणाले. "हे तुमच्या हातून कसं सुटलं?"

मावशींनी ते कानाशी धरलं. काही नाही. दुसऱ्या कानाशी धरलं. तिथेही काही नाही. बोटाने दांडी खालीवर केली, तर दांडी लोण्यासारखी चालत होती. चरचर बोटाला कळण्यासारखी नव्हतीच. तिला कानच हवा होता.

ते बटण त्या घरी घेऊन आल्या आणि दोन दिवस स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे ठेवलं. तिसऱ्या दिवशी यजमानांना सगळं सांगितलं. यजमानांनी मशीन थांबवली.

"मला चष्मा लागला तेव्हा मी गिऱ्हाइकांना सांगत फिरलो का?" ते म्हणाले. "चारच वर्षं राहिलीत. साठात एक तर आहे."

"तुमची शिवण उसवली तर बाही निघते," मावशी म्हणाल्या. "माझं बटण उसवलं तर भिंत पेटते. आणि दिवसाला सहाशे म्हणजे दहा झाली."

यजमानांनी बराच वेळ पायाखालची पट्टी मागेपुढे हलवली, मशीनमध्ये कापड नव्हतं, सुई नुसती खालीवर होत राहिली.

"सांग मग," ते म्हणाले. "पण जेवून जा. साहेबांपुढे चक्कर येऊन पडलीस तर त्यांना वाटेल, कानांबरोबर सगळंच गेलं."

धाकट्या साहेबांकडे जाणं रीतीला धरून होतं. पण खोली थोरल्यांनी बांधली होती, म्हणून मावशींनी शनिवारपर्यंत दम धरला. साहेब आले, चपला काढल्या, स्टुलावर बसले, डोळे मिटले. मावशींनी हातातलं बटण खाली ठेवलं आणि हळू आवाजात, त्या खोलीत बोलावं तसं, म्हणाल्या, की साहेब, मला ऐकू येत नाही.

साहेबांचे डोळे मिटलेलेच.

त्यांनी पुन्हा सांगितलं. साहेब संथपणे मान डोलवत होते. मग मावशींनी उठून त्यांच्या खांद्याला हात लावला आणि ओरडून सांगितलं. बुचाच्या खोलीत आवाज चढवून बोललेलं ते पहिलं वाक्य. दोन्ही दारांपलीकडे मिस्त्रींच्या हातातला स्क्रू खाली पडला म्हणतात.

साहेबांनी डोळे उघडले. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतींकडे.

"बाई," ते म्हणाले, "मलाही सहा वर्षं झाली. मी इथे नुसता डोळे मिटून बसतो. तुमचा हात थांबला नाही ना, एवढं अधूनमधून बघतो."

मग त्या खोलीत, जिथे चहावालाही कप फडक्यावर ठेवत होता, ती दोघं ओरडून ओरडून बोलली. मावशींनी कापसाचं सांगितलं, अंगुस्तानाचं सांगितलं. साहेबांनी अंगुस्तान स्वतः बोटात घालून बघितलं, काढून बघितलं, तीन-चार बटणं खालीवर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पोराला खेळण्याचं आतलं चाक दिसावं तसा आनंद पसरला. पण तो थोडा वेळच टिकला. छताकडे बघून ते म्हणाले, की म्हणजे माझी बुचं सगळी फुकट गेली म्हणायची.

"फुकट नाही," मावशी म्हणाल्या, आणि ते साठावं बटण त्यांच्या हातात दिलं. "हे इथेच सापडतं. पण याला खरे कान लागतात. माझे नाहीत. माझ्या हातून अशी किती गेली, तेही मला ठाऊक नाही."

साहेबांनी ते बटण दिव्याजवळ नेऊन उलटसुलट बघितलं. तुम्ही चार वर्षं तशाच बसू शकला असतात, असं काही ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, की दुकानांतून शेवटच्या सहा महिन्यांचा माल परत मागवायला मुलाला सांगतो. तो बोंबलेल, बोंबलू दे. पण या खोलीत आता दुसरं कुणी बसेल बाई, आणि ते तुम्हालाच शोधावं लागेल. मावशींनी मान हलवली. घसा बसला होता.

माल परत आला आणि मिस्त्री दोन महिने बटणं उघडत बसले. चरचरणारी निघाली, नाही असं नाही. कुठल्या घरी त्यांच्यामुळे काही घडल्याचं कानावर आलं नाही, पण मावशींनी ते कधी आपल्या बाजूने धरलं नाही.

खोलीसाठी कारखान्यातल्या अकरा जणांची परीक्षा झाली. वीस बटणांत एक चरचरणारं, ते शोधून काढायचं. फोरमन हरला, मिस्त्रींनी तीन वेगवेगळी काढली. ते नेमकं पहिल्या झटक्यात काढलं पॅकिंगच्या एका मुलखाच्या बडबड्या बाईने. तिला सगळे रेडिओ म्हणत. ती गप्प बसलेली कुणी पाहिली नव्हती, आणि तिला बुचाच्या खोलीत बसवणार म्हटल्यावर हॉलमध्ये पैजा लागल्या, की आठवडाभर तरी टिकते का.

मावशींनी आपलं टेबल बाहेर घेतलं, हॉलच्या खिडकीपाशी. पहिले काही दिवस त्यांचा पाय सवयीने टोकाच्या खोलीकडे वळे आणि मग त्या वाटेत थांबून काहीतरी विसरल्यासारखं करत. यंत्रांची खडखड, लोकांची येजा, उन्हाची तिरीप, सगळं अंगावर येई. बोट मात्र आपलं काम करत होतं. आधी बोट, मग खोली, असा बटणांचा रस्ता ठरला.

त्या सुमाराची एक दुपार. जेवणाची सुट्टी व्हायला अजून वेळ होता आणि टोकाचं दुहेरी दार उघडून रेडिओ बाहेर आली. पायांत चपला नाहीत, हातात एक बटण. चार तास तोंड मिटून बसल्यामुळे तिच्या तोंडातून शब्दांचा लोंढा सुटला होता. मावशी तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. शेवटचं तेवढं कळलं.

"मावशी, चरचर नाही, पण काहीतरी आहे. मला नाव सापडत नाहीये. तुम्ही बघा."

मावशींनी बटण घेतलं, दांडी खाली केली, वर केली, पुन्हा खाली. ते आपल्याच उजव्या ट्रेमधून गेलेलं होतं, पण आता मुद्दाम बघितल्यावर बोटाला काहीतरी किंचित लागलं. असलं काही याआधी त्यांच्या हाताला लागलं नव्हतं. त्यांनाही नाव सुचेना.

"मला नाही येत," त्या म्हणाल्या. "तूच ठेव नाव."

रेडिओ विचारात पडली. हॉलमधल्या लोकांनी वर बघितलं, कारण ती गप्प झाली होती. मावशींनी बाक जरा सरकवला आणि तिला शेजारी बसायला जागा केली.